वाचकांचे प्रश्न: पुस्तकातलं गणित आणि आपला सातबारा

इतिहास, वाटाघाटी आणि घर-जमिनीतली गुंतवणूक या तीन विषयांच्या पुस्तकांवरून आलेले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

अमेरिकेतल्या गुंतवणुकीच्या पुस्तकांत नियम वाचला: महिन्याचं भाडं घराच्या किमतीच्या 1 टक्का तरी हवं. वाकडला 80 लाखांचा जुना फ्लॅट बघतोय, भाडं 22 हजार येईल. फ्लॅट चुकीचा की नियम? (वाचक, पुणे)

फ्लॅटमध्ये खोट नाही, तो नियम इथला नाही. तिथल्या अनेक शहरांत भाड्याच्या मानाने घरं स्वस्त असतात आणि 30 वर्षं व्याजदर न बदलणारं कर्ज मिळतं. आपल्याकडचं बहुतेक गृहकर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर वर-खाली होतं. इथे 80 लाखांच्या घराला 80 हजार भाडं शोधत बसलात तर जन्मभर घर घेणार नाही.

पण त्या पुस्तकांची एक सवय जरूर उचला: खर्च एकूण एक मांडायचे. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5.60 लाख. नोंदणी फी 30 हजार. दलाली 1 टक्का धरली तर 80 हजार. घर पडलं 86.70 लाखांना. भाडं बारा नव्हे, अकरा महिन्यांचं धरा, कारण भाडेकरू बदलताना महिना रिकामा जातोच: 2.42 लाख. त्यातून सोसायटीचे 36 हजार, मालमत्ता कर 12 हजार, रंग-नळ-दुरुस्ती 15 हजार वजा करा. (हे तीन आकडे अंदाजी आहेत, तुमच्या सोसायटीचे घाला.) हातात 1.79 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम 2 टक्के.

आता कर्ज. 60 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, तर हप्ता साधारण 52 हजार. खर्च जाऊन भाड्याचे राहतात 15 हजार. दर महिन्याला 37 हजार पगारातून घालावे लागतील. ते सलग पाच वर्षं जमणार असेल, किंवा पुढे स्वतः राहायला जायचं असेल, तरच पुढे व्हा. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ या भरवशावर हा व्यवहार करू नका.

खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, इथे ती 80 हजारांची आहे. पती-पत्नी दोघांची नावं घातली की ही सवलत जाते.

वाटाघाटींच्या पुस्तकांत लिहिलंय, आकडा आधी आपण सांगू नये. डोंबिवलीत रीसेल फ्लॅटचे मालक 72 लाख म्हणतात आणि एजंट आजच टोकन द्या म्हणून मागे लागलाय. (वाचक, ठाणे)

मालकांनी आकडा सांगून झालाय, तेव्हा तो नियम बाजूला ठेवा. आता महत्त्व आहे तुमच्या आकड्यामागे कागद असण्याला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या, गेल्या वर्षभरातल्या तीन-चार व्यवहारांची सूची क्रमांक 2 काढा. ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती हीच, नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा. तिच्यात मोबदला, बाजारमूल्य आणि क्षेत्रफळ असतं. मोबदल्याला कार्पेट (भिंतींच्या आतल्या) क्षेत्रफळाने भागा. लोक इथेच चुकतात: एका दस्तात कार्पेट, दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसकट), आणि तुलना सरळ केली जाते.

समजा फ्लॅट 560 चौरस फूट कार्पेट आहे. 72 लाखांना चौरस फुटाचा दर पडतो 12,857 रुपये. दस्तांत 12,000 ते 12,300 दिसत असेल तर रास्त किंमत 67 ते 69 लाख. सुरुवात 66 लाखांनी करा आणि इंडेक्स टूच्या प्रती समोर ठेवा. मालक अडून बसले तर किमतीवरच घासाघीस करत राहू नका. ताबा कधी, पार्किंग कोणतं, सोसायटीची थकबाकी आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार, हे सगळे पैसेच आहेत. आणि दुसरा एखादा फ्लॅट खरोखर पाहून ठेवा. उठून जाण्याची तयारी त्यातूनच येते.

टोकन आज देऊ नका. देताना बँकेतून द्या आणि पावतीवर हे वाक्य लिहून घ्या: ‘मालकी हक्कात दोष आढळल्यास किंवा खरेदीदाराचं कर्ज मंजूर न झाल्यास ही रक्कम 15 दिवसांत परत केली जाईल.’ नाहीतर आठवड्याने कळतं, मूळ कागद मालकाच्या कर्जापोटी बँकेत आहेत, आणि तुमचे लाखभर रुपये अडकून बसतात. घराच्या व्यवहारात विकणाऱ्याने 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला मान्य नाही, ‘थोडे वरचे’ कोणी कितीही सहज म्हणो. व्यवहार 50 लाख किंवा त्यावर असेल तर 1 टक्का टीडीएस (मालकाच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा. मालक परदेशात स्थायिक असतील तर हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही. तिथे आधी करसल्लागार गाठा.

पुरंदरच्या तहात किल्ले 23 दिले की 27? दोन्ही आकडे वाचले. आणि हा तह म्हणजे हार, की उत्तम वाटाघाट? (वाचक, सातारा)

23 धरा. तो आकडा शिवाजी महाराजांशी हा तह करणाऱ्या मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारातून येतो. बखरी नंतरच्या, त्यांत आकडे बदलतात. इतिहासाचं पुस्तक हातात घेतलं की कोणतं विधान कुठल्या कागदावर उभं आहे, एवढं आधी बघावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तहाच्या कलमांत आहे. एप्रिल 1665 मध्ये पुरंदरशेजारचा वज्रगड पडला, पुरंदरावर तोफा लागल्या, किल्ला लढवणारे मुरारबाजी मारले गेले, आणि मोगली फौजा मुलूख जाळत होत्या. दिवसागणिक महाराजांची बाजू उतरत होती. अशा वेळी, जूनमध्ये, ते स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले. 4 लाख होनांच्या (होन म्हणजे सोन्याचं नाणं) उत्पन्नाच्या मुलखासह 23 किल्ले दिले, पण राजगडासह 12 किल्ले आणि 1 लाख होनांचा मुलूख राखला. मनसब, म्हणजे मोगली दरबारातला हुद्दा, स्वतः न घेता संभाजीराजांच्या नावे पाच हजारी घेतली. आणि विजापूरच्या ताब्यातला 4 लाखांचा तळकोकण आणि 5 लाखांचा बालाघाट मिळाला तर 40 लाख होन देऊ, तेही वर्षाला 3 लाखांच्या हप्त्याने, असं कबूल केलं. म्हणजे मोठा आकडा, पण अटीवर आणि लांबच्या मुदतीवर. जयसिंगालाही यात फायदा दिसत होता: विजापूर आणि महाराज एकत्र येणार नव्हते.

हार होतीच, तिला दुसरं नाव देऊ नये. पण राखलेल्या बळावर 1670 च्या फेब्रुवारीत सिंहगड आणि मार्चमध्ये पुरंदर परत आला.

कोकणात 20 गुंठे घेतोय. सातबारा कोरा आहे, पुरे ना? (वाचक, मुंबई)

नाही. सातबारा महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ‘कोरा’ म्हणजे सहसा कर्जाचा बोजा नाही, एवढंच. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, वहिवाट, वारस यांच्या नोंदी बघा. भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. सातबाऱ्यावरचा प्रत्येक फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाने काढून वाचा. कोकणात एका गटावर डझनभर सहहिस्सेदार असतात आणि सही दोघांचीच मिळते, पुढची भांडणं तिथूनच निघतात. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा शोध घ्या. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय ती तुमच्या नावे होणार नाही, हे सगळ्यात आधी तपासा.

क्षेत्र वाचताना 0.20.50 म्हणजे 0 हेक्टर, 20 आर (1 आर म्हणजे 100 चौरस मीटर), 50 चौरस मीटर, एकूण 2,050 चौरस मीटर. 1 गुंठा 1,089 चौरस फुटांचा. इसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा समक्ष बघून घ्या.