मॅडम, तुम्ही कुणाला रिपोर्ट करता?

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा निरोप आला. तिच्या विद्यापीठात समुपदेशन केंद्र आहे, रोज त्याच्या दारावरून जाते, पण आत पाऊल टाकायची हिंमत होत नाही. तिला विचारायचं होतं, की आत बसलेली माणसं नेमकी कोण असतात? मी बोलेन ते डिपार्टमेंटला कळतं का? घरी फोन जातो का? उद्या नोकरीच्या वेळी हे सगळं निघेल का?

मी एका विद्यापीठाच्या केंद्रात समुपदेशक आहे. हे प्रश्न मला दर वर्षी जून-जुलैत विचारले जातात आणि परीक्षा जवळ आल्या की पुन्हा. उत्तरादाखल एका मुलाची हकिगत सांगते. गाव, विषय बदललेत, दोन-तीन मुलांचे तपशील एकत्र केलेत. त्याला सागर म्हणू.

सागर धाराशिव जिल्ह्यातला, एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. आमचं केंद्र आणि शिष्यवृत्ती विभाग एकाच व्हरांड्यात आहेत. ही जागा आम्ही भांडून मागून घेतली. व्हरांड्यात उभा असलेला मुलगा फॉर्मसाठी आलाय की आमच्याकडे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नाही. सागर तीन दिवस त्या रांगेत उभा राहिला. खिडकी जवळ आली की मागच्याला पुढे जाऊ द्यायचा. आमच्या मावशींच्या नजरेतून ते सुटलं नाही. चौथ्या दिवशी त्या पाण्याचा पेला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आत पंखा आहे. बस जरा." नाव विचारलं नाही. आमच्याकडे बाहेर कुणालाच नाव विचारत नाहीत आणि नावाने हाक मारत नाहीत. मावशी दारात येऊन फक्त "पुढचं कोण?" म्हणतात.

हा नियम एका चुकीतून आला. पूर्वी मी एका कॉलेजात होते तेव्हा टेबलावर रजिस्टर असायचं. नाव, वर्ग, कारण आणि सही असे चार रकाने. एक मुलगी सही करायला वाकली, वरची नावं तिने वाचली, त्यात तिच्या वर्गातलं एक होतं. तिने पेन हळूच खाली ठेवलं आणि निघून गेली. ती परत आली नाही. ते रजिस्टर मी रोज बघत होते आणि तोवर त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते, याची टोचणी आजही आहे.

सागर आत आला, खुर्चीच्या टोकाला बसला आणि स्वतःबद्दल काही सांगायच्या आधीच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाला रिपोर्ट करता?"

मी त्याला जे सांगितलं तेच त्या विद्यार्थिनीलाही सांगते. वर जातो तो आकडा. या महिन्यात किती जण आले, अडचणी साधारण कोणत्या होत्या, एवढंच. नाव, वर्ग, रोल नंबर काही जात नाही. प्रत्येक फाइलवर क्रमांक असतो. क्रमांक आणि नाव यांची जोडणी वेगळ्या वहीत असते आणि त्या कपाटाच्या किल्ल्या मी आणि माझी एक सहकारी, आम्हा दोघींकडेच असतात. मार्कशीट, टी.सी., कॅरेक्टर सर्टिफिकेट यांच्याशी या फाइलचा काही संबंध नाही. प्लेसमेंट सेलला ती कधी दाखवलेली नाही, दाखवणारही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचार करणाऱ्यांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. आमच्या केंद्रात ते बंधन आम्ही मावशींपासून सगळ्यांना लावून घेतलंय.

मग लगेच दुसरी बाजूही सांगितली, कारण ती नंतर सांगणं म्हणजे फसवणूक. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. कोर्टाचा आदेश आला तर तो पाळावा लागेल. आणि 18 वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतात, म्हणून हे मी प्रत्येकाला सांगते. "पण यातलं काही करायची वेळ आली, तर आधी तुला सांगेन, मग करेन."

"लेखी देता का?" तो म्हणाला. संमतीपत्र दिलं. रसायनाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि सही केली. तो अविश्वास मला आवडला. माझ्या मते प्रत्येक मुलाने असंच वाचायला हवं.

मग हळूहळू बाहेर आलं. महिनाभर तो लॅबमध्ये गेला नव्हता. कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची काचेची नळी, भरताना हात थरथरायला लागले, त्यातली सिलिकाची पूड सांडली, शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. त्याआधी सेमिनारमध्ये इंग्रजीत बोलताना तो मध्येच अडला होता आणि मागच्या बाकावरून हसू आलं होतं. दुसऱ्या सेमिनारची तारीख लागली होती. पहाटे चारपर्यंत झोप नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात आला नव्हता, मेसचं बिल थकलं होतं, म्हणून तो एका वेळेलाच जेवायचा. म्हणजे तीन दिवस ज्या रांगेत तो उभा राहिला, त्या रांगेतही त्याचं खरं काम होतं.

नैराश्याचा अंदाज घ्यायला आम्ही एक प्रश्नावली भरून घेतो, पी.एच.क्यू.-9. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. आठ प्रश्नांवर त्याने भराभर खुणा केल्या. नवव्यावर पेन थांबलं. मरण आलं तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. त्याने 'काही दिवस' वर इतकी फिकट खूण केली, की मला कागद उजेडात धरावा लागला.

असे विचार आहेत का हे मी त्याला सरळ, त्याच शब्दांत विचारलं. विचारल्याने विचार डोक्यात भरतो, असं अजून पुष्कळ शिक्षकांना वाटतं. ते खरं नाही. विचारलं की माणूस श्वास सोडतो. सागरनेही सोडला. विचार यायचे, काही ठरवलेलं नव्हतं. पण त्याने लगेच हात जोडले, "पप्पांना सांगू नका. सोयाबीन गेलंय यंदा, त्यांना हे झेपणार नाही." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पोलीस येतात का मॅडम?"

पोलीस येत नाहीत. मनातल्या विचाराला कोणताही कायदा गुन्हा म्हणत नाही. 2017 च्या कायद्याचं कलम 115 तर असं सांगतं, की ज्याने प्रत्यक्ष प्रयत्न केला तोही तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं आणि त्याला मदत मिळवून द्यायची. हे ऐकून त्याने पहिल्यांदा पाठ टेकली.

पप्पांचं काय करायचं, हे मी एकटीने ठरवलं नाही. केंद्रात माणसं किती आणि कोण आहेत याला महत्त्व येतं ते इथे. त्याला बाहेर मावशींजवळ बसवून मी आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. त्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या, माझ्याहून अनुभवी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. आज रात्री तो कुणाबरोबर आहे? आणि घरातलं असं कोण आहे, ज्याचं नाव तो स्वतःहून घेईल? परत येऊन मी त्याला दुसरा प्रश्न विचारला. तो पटकन म्हणाला, "बार्शीची आत्या." त्याच्यासमोर, त्याच्याच फोनवरून आत्याशी बोललो. त्या संध्याकाळच्या एस.टी.ने आल्या. रूम पार्टनरला किती सांगायचं ते सागरनेच ठरवलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये साठवून घेतला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पप्पांना आत्यांनी आठवड्याने, त्यांच्या पद्धतीने सांगितलं.

आमचे मानसोपचारतज्ज्ञ बुधवारी आणि शनिवारी दुपारी येतात. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवताय' हे वाक्य सागर बोलला नाही, पण चेहऱ्यावर होतं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. बी-12 बरंच कमी निघालं. महिनोन्‌महिने एका वेळचं जेवण, त्यात वरण-भातच जास्त, दूध नाही. त्याची इंजेक्शनं सुरू झाली आणि नैराश्यासाठी एक गोळी. तिचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच बजावलं. या प्रकारच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण आपल्या मनाने एकदम बंदही करायच्या नसतात.

पुष्कळ मुलांना वाटतं, की केंद्रात गेलं की गोळ्याच देतात. मी गोळी देऊ शकत नाही, आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही नाहीत. औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा. येणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्या दाराकडे जावंही लागत नाही. समोरच्याचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे विचारायला अजिबात संकोच करू नये. आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी लावायला बराच काळ नोंदणीची सक्ती नव्हती, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आमच्या समाजकार्यकर्तीचं नाव अशा हकिगतींमध्ये शेवटी येतं. सागरच्या बाबतीत सगळ्यात आधी यायला हवं. एम.एस.डब्ल्यू. झालेली ही मुलगी त्याच्याबरोबर पलीकडच्या खिडकीवर गेली. हप्ता अडला होता तो बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून. चार दिवसांत ते काम झालं. मेसच्या बिलाला मुदत मिळवली आणि 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयातलं काम लावून दिलं. त्या आठवड्यात तो माझ्याशी जेवढं बोलला, त्याहून जास्त फरक दोन वेळच्या जेवणाने पडला असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि मग विभागप्रमुखांचा फोन आला. "आमचा एक विद्यार्थी तुमच्याकडे येतो म्हणे. हजेरी नाही, सेमिनार आहे. काय प्रकार आहे?"

मी म्हटलं, "सर, कोण येतं आणि कोण येत नाही, यातलं काहीच आम्ही सांगत नाही. तुम्हाला कुणाची काळजी वाटत असेल तर त्याला एकट्याला बोलावून 'जेवलास का, झोप लागते का' असं विचारा. बाकी आम्ही आहोत." सर चिडले. "मी त्याचा शिक्षक आहे, परका नाही," म्हणाले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण त्या दिवशी मी 'हो, येतो' एवढं जरी म्हटलं असतं, तरी संपूर्ण विभागातून आमच्याकडे येणारी वाट बंद झाली असती.

पुढच्या भेटीत मी सागरला हा फोन सांगितला. सेमिनार पुढे ढकलायचा तर पत्र लागणार होतं. पत्र त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर लिहिलं. हा विद्यार्थी केंद्रात येत आहे, सेमिनारला तीन आठवड्यांची मुदत मिळावी. आजाराचं नाव नाही. मी एके ठिकाणी 'तणावामुळे' लिहिलं होतं. तो शब्द त्याने बोटाने दाखवला, "हा काढाल का?" काढला. मुदत मिळाली. तीन आठवडे तो आमच्या रिकाम्या खोलीत, मावशींना समोर बसवून सेमिनारचा सराव करायचा. मावशी प्रत्येक स्लाइडनंतर म्हणायच्या, "सावकाश, घोट घे पाण्याचा."

एक गोष्ट मात्र मला सागरलाही धड सांगता आली नव्हती. आमच्यातले दोघे जण अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. मुलं कुणापाशी तरी मोकळी होतात आणि जूनमध्ये ती खुर्ची रिकामी असते. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, याला काही मुलं तयारच होत नाहीत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलंय. नेमणूक व्हायलाच हवी. पण एखाद्या प्राध्यापकाला अतिरिक्त कार्यभार देऊन हे भागवलं, तर इंटर्नलचे मार्क देणाऱ्यासमोर मुलगा नवव्या प्रश्नावर खरी खूण कशी करेल? माझ्या त्या विद्यार्थिनीने केंद्रात जाताना हेही विचारावं, की तुम्ही वर्षभर इथे असाल का. उत्तर 'नाही' आलं तरी जावं. फक्त पुढचा माणूस आधीच्याने प्रत्यक्ष भेटवून द्यावा, हे तिने हक्काने मागावं.

सागर पास झाला. निकालानंतर एका दुपारी तो व्हरांड्यात दिसला, बरोबर हॉस्टेलमधला एक ज्युनिअर मुलगा होता, मान खाली. मला वाटलं दोघे आत येतील. सागर दारापर्यंत आला आणि मावशींना म्हणाला, "याला पंख्याखाली बसवा. मी रांगेत थांबतो."