राऊटर तुमचा की कंपनीचा? आधी बिल बघा

प्रश्न: मी भांडुप पश्चिमेला राहते आणि घरूनच तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते. मागच्या वर्षी मोबाईल कंपनीच्या दुकानातून सिमवर चालणारा घरगुती राऊटर ६,४०० रुपयांना घेतला. आमच्याकडे डोंगराच्या बाजूच्या टॉवरचीच रेंज नीट येते, म्हणून भावाने राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २३०० मेगाहर्ट्झचा बँड (टॉवरशी जोडणाऱ्या लहरींची पट्टी) पक्का करून दिला होता. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे राऊटर आपोआप बंद होऊन चालू झाला. आता सेटिंगचं पान उघडलं की कंपनीचा लोगो येतो आणि बँड निवडायचा पर्यायच दिसत नाही. ३०-३५ एमबीपीएस मिळणारा वेग ३-४ वर आलाय. कस्टमर केअर म्हणतं, "अपडेट धोरणानुसार आहे, मागे घेता येत नाही." वॉरंटीचे दोन महिने उरलेत. लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार दीड हजारात जुनं फर्मवेअर (राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकून देतो म्हणतो. टाकून घेऊ का? कंपनीवर केस होईल का?

उत्तर: ताई, आधी दुकानाचं सांगतो. तिकडे जाऊ नका. निदान निकाल लागेपर्यंत तरी राऊटरला कुणाला हात लावू देऊ नका.

तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तो डबाच आहे. त्यात आज जे फर्मवेअर आहे, त्यावरून कंपनीने काय बदललं ते दाखवता येतं. दुकानदाराने ते पुसलं की कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणेल, बाहेरच्या माणसाने छेडछाड केली, वॉरंटी संपली, बिघाडही त्याचाच. त्याहून गंभीर गोष्ट आयएमईआयची, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाची. राऊटर उलटा करून स्टिकर बघा, पंधरा आकडी नंबर दिसेल. सिमवर चालणाऱ्या राऊटरलाही मोबाईलसारखाच आयएमईआय असतो. परकं फर्मवेअर टाकताना तो कधीकधी उडतो आणि मग दुकानदार "लिहून देतो" म्हणतात. हे लिहून देणं म्हणजे गुन्हा. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ मध्ये अशा ओळख-क्रमांकाशी छेडछाड करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कंपनीने लॉक केलेल्या हँडसेटचं प्रोग्रॅमिंग बदलल्याच्या एका प्रकरणात २००५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५ खालचा तपास थांबवायला नकार दिला होता. दीड हजार मोजून त्या वाटेला जाऊ नका.

आता बिल काढा. संपूर्ण प्रकरण त्या एका कागदावर फिरणार आहे. त्यावर "टॅक्स इन्व्हॉइस" आणि वस्तूची किंमत असेल तर राऊटर तुमचा. "परतावा मिळणारी अनामत" असे शब्द असतील तर तो कंपनीचा आणि तुम्ही फक्त वापरणाऱ्या. तसं असेल तर डबा परत देऊन अनामत मागणं हाच सरळ मार्ग, पुढचं वाचायची फारशी गरज नाही. तुम्ही "घेतला" लिहिलंय, म्हणून तो विकतच घेतलाय असं धरून बोलतो.

राऊटर बनवणारी कंपनी एक, विकणारी दुसरी. विकणारी मोबाईल कंपनी मूळ फर्मवेअर घेते, त्यात आपला लोगो घालते, आपल्या नेटवर्कची सेटिंग भरते, काही पर्याय बंद करते आणि दुरून ताबा ठेवायची सोय करते. या सोयीसाठी बहुतेक ठिकाणी टीआर-०६९ नावाची पद्धत वापरतात. म्हणून अपडेट मोबाईल कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि उत्पादकाच्या साइटवरची फाईल तुमच्या राऊटरला बहुतेकदा चालत नाही. २३०० चा बँड रुंद, वेग चांगला, पण भिंती फारशा भेदत नाही. ८५० चा लांब पोचतो, पण त्याची वाट अरुंद. राऊटर आपल्या मनाने ८५० वर जाऊन बसला असेल तर तुमचा वेग का पडला ते समजतं. मात्र हा अंदाज झाला. खरं-खोटं तपासणीतच कळेल, आणि तक्रार केलीत तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

कंपनीची बाजूही ऐका, कारण ती तुमच्यासमोर मांडली जाणारच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर अशाच दुरून ताब्याच्या दारावर झालेल्या हल्ल्याने कोलमडले, आणि ते सावरले नव्या फर्मवेअरनेच. सुरक्षेचं अपडेट रात्रीत, न विचारता पाठवावं लागतं. त्याविरुद्ध मी तुमचं वकीलपत्र घेणार नाही. पण भोक बुजवणं वेगळं, आणि विकताना दिलेली सोय काढून घेऊन ग्राहकाला न कळवणं वेगळं. आपली तक्रार फक्त दुसऱ्या गोष्टीची ठेवा.

कायदा इथे तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "सेवा" या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचार नावानिशी आहे. फोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा मुद्दा वर्षानुवर्षं टेलिग्राफ कायद्याच्या आधाराने उचलला जायचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात तो फेटाळला. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा कलम २(११) प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. माझ्या मते तुमचा खरा आधार हाच.

दोन आडकाठ्या येतील. पहिली, "बाई धंद्यासाठी वापरतात, त्या ग्राहक नाहीत." घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वतः राबून करायच्या कामाला वापरलेली वस्तू "व्यापारी हेतू"त मोडत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. दुसरी, "फॉर्मवर सही केलीत, त्यात अपडेटचं कलम आहे." असेल. अपडेटला संमती दिली म्हणजे वस्तूची उपयुक्तता कमी करायला संमती दिली असं होत नाही, हा आपला युक्तिवाद. मात्र "करारच अन्यायकारक आहे" अशी मागणी लिहू नका. ती राज्य आयोगापुढे जाते आणि प्रकरण उगाच लांबतं.

आज संध्याकाळी हे करा. सेटिंगच्या पानाचे फोटो काढा, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख दिसेल असे. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट भावाच्या फोनमध्ये आहे का शोधा. तो मिळाला तर निम्मं काम झालं. मूळ फाईल पुसू नका, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र पुढे जोडता येईल. सकाळी, दुपारी, रात्री वेग मोजून वहीत लिहा, निदान दहा दिवस. खोक्यावर किंवा जाहिरातीत बँड निवडण्याचा उल्लेख असेल तर खोकं रद्दीत देऊ नका.

मग कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मात्र नोंद जरूर करा. वॉरंटी संपायच्या आत लेखी तक्रार पोचली पाहिजे, पोच हातात ठेवा.

एवढ्याने हललं नाही तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग, वांद्रे पूर्व. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कागद नीट लावायला मदत लागली तर १९७५ पासून हेच काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. विकणारी आणि बनवणारी, दोन्ही कंपन्यांना सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. मागणी एवढीच: जुनी सोय परत द्या, नाहीतर किंमत परत करा, आणि बुडालेल्या कामाची भरपाई द्या. भरपाईचा आकडा तुमच्या कामाच्या पावत्यांनी सिद्ध होईल तेवढाच टाका. पाच लाख लिहिलेत तर सहा हजारांच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास कमी होतो.

तोवर काम अडू नये म्हणून दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलंत तर त्याचं बिल जपून ठेवा. तेही भरपाईत मागता येईल.