वाचक विचारतात : दोन कॉन्ट्रॅक्टांमधला मोठा खंड

प्रश्न : मी पीथमपूरच्या कारखान्यांत पीएलसी (मशिन चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रॅमिंग आणि कमिशनिंगची (मशिन जागेवर सुरू करून देण्याची) कामं कॉन्ट्रॅक्टवर घेतो. महिन्याला साधारण 2 लाख 40 हजारांचं बिल होतं, घरखर्च हप्त्यांसकट 60 हजार. नर्मदा परिक्रमा पायी करायची आहे. सहा महिने काम बंद ठेवायचं तर किती पैसे बाजूला हवेत आणि महिने कोणते धरावेत?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बहुतेक जण 60 हजार गुणिले 6 करून 3 लाख 60 हजारांवर थांबतात आणि तिथेच फसतात. खंड मोजायचा तो पुढचं पहिलं पेमेंट खात्यात पडेपर्यंत. परत आल्यावर नवं काम ठरायला दोन महिने धरा. मग महिनाभर काम, त्यानंतर बिल, बिलावर 45 दिवसांची मुदत, म्हणजे आणखी अडीच महिने. एकूण साडेदहा महिने, 6 लाख 30 हजार. मुलांची एप्रिलमधली फी, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता यांपैकी जे या काळात येतं ते वेगळं. आरोग्य विम्याचा हप्ता निघण्याआधीच भरून टाका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत दवाखान्यात जावं लागलं तर दावा मिळत नाही. पॉलिसी तुटली, तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाची भरलेली वर्षं वाया जातात.

शेवटच्या बिलाचे पैसे या रकमेत धरू नका. ते वेळेवर आले तर उत्तमच, पण परिक्रमेत असताना रोज फोन करून पैसे मागणं होत नाही. उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) नसेल तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट सही करण्याआधी करून घ्या, ती फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली, की लेखी करार असला तरी कंपनीला 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्यांना त्या वर्षी करात दाखवता येत नाही. मार्चमध्ये अडकलेली पेमेंट अचानक मोकळी होतात, त्याचं हे एक कारण.

आता महिने. परिक्रमा चातुर्मासात करत नाहीत, कार्तिकी एकादशीनंतर उचलतात, आणि बरेच जण जिथून निघतात ते ओंकारेश्वर आपल्याकडून जेमतेम 80 किलोमीटर. म्हणजे डिसेंबर ते मे हा काळ तसाही सोयीचा. करासाठीही हाच काळ फायद्याचा, कारण खंडाच्या मध्ये 31 मार्च येतो आणि खंड दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो.

हिशेब असा. अभियंत्यांना व्यावसायिकांसाठीची अनुमानित कर योजना लागू होते (जुन्या कायद्यातलं कलम 44एडीए). मिळालेल्या फीच्या 50 टक्के नफा धरला, की तपशीलवार हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. 2025-26 पासूनच्या नव्या स्लॅबमध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. बाराही महिने काम केलं तर फी 28 लाख 80 हजार, नफा 14 लाख 40 हजार, कर सेससकट 99,840 रुपये. खंड जून ते नोव्हेंबर घेतला तर एका वर्षी नफा 7 लाख 20 हजार आणि कर शून्य, पण शेजारच्या वर्षी पूर्ण 99,840. तोच खंड डिसेंबर ते मे घेतला तर पहिल्या वर्षी आठ महिन्यांची फी 19 लाख 20 हजार, नफा 9 लाख 60 हजार. दुसऱ्या वर्षी दहा महिन्यांची फी 24 लाख, नफा बरोबर 12 लाख. दोन्ही वर्षी कर शून्य. सुट्टी तेवढीच, आणि दीड महिन्याहून जास्त घरखर्च वाचला.

यात एक खाच आहे. बाजूला ठेवलेल्या पैशांच्या एफडीचं व्याजही उत्पन्नात येतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आकडा 12 लाखांच्या थोडा वर जाईल. तेव्हा घाबरू नका. 12 लाखांवर जेवढे रुपये जास्त, साधारण तेवढाच कर आणि त्यावर 4 टक्के सेस लागतो. जून-जुलै काम शोधण्यात गेले तर तोही प्रश्न उरत नाही.

कंपनी 10 टक्के टीडीएस कापत असेल, तर पहिल्या वर्षीचे 1 लाख 92 हजार तुम्हाला परत मिळायचे आहेत. जानेवारी-मार्चच्या टीडीएसचं विवरण कंपन्या 31 मेपर्यंत भरतात, म्हणून जूनच्या मध्यावर 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तपशील) तपासून मगच रिटर्न भरा. घाईने एप्रिलमध्ये भरलेल्या रिटर्नमध्ये टीडीएस जुळत नाही आणि परतावा अडकतो. नीट भरलं तर हे पैसे नेमके तुमची गंगाजळी तळाला गेलेली असताना येतात. या योजनेत आगाऊ कर एकाच हप्त्यात 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. तेव्हा तुम्ही वाटेत असाल, म्हणून निघण्याआधीच सीएकडून आकडा काढून घ्या.

प्रश्न : मी परदेशी क्लायंटसाठी तांत्रिक लेखन करते. जीएसटी नोंदणी आहे. सहा महिने थांबणार आहे, तर नोंदणी रद्द करू का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नको. रद्द केली तर तीन महिन्यांत अंतिम रिटर्न जीएसटीआर-10 भरावं लागतं, लॅपटॉपवर घेतलेल्या क्रेडिटचा (खरेदीत भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) काही भाग परत करावा लागतो, आणि पुन्हा सुरू करताना सगळी कागदपत्रं नव्याने. चालू ठेवली तर फक्त नील (व्यवहार शून्य असल्याचं) रिटर्न भरायचं असतं. तिमाही योजनेत असाल तर सहा महिन्यांत दोनदाच. मध्य प्रदेशात तिमाहीनंतरच्या महिन्याच्या 13 तारखेला आर-1 (विक्रीचा तपशील) आणि 22 ला थ्रीबी (कराच्या हिशेबाचं रिटर्न).

नील थ्रीबी एसएमएसनेही जातं. नोंदणीच्या मोबाइलवरून 14409 वर इंग्रजीत 'नील', 'थ्रीबी', जीएसटी क्रमांक आणि तिमाहीचा शेवटचा महिना सहा आकड्यांत (मार्च 2026 साठी 032026), प्रत्येकाच्या मध्ये एक जागा सोडून पाठवायचं. उलट सहा आकडी कोड येतो, तो 'सीएनएफ थ्रीबी' लिहून परत पाठवला की झालं. आर-1 साठीही अशीच सोय आहे. त्या सिमचं रिचार्ज मात्र संपू देऊ नका.

विसरलात तर नील रिटर्नला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500. खरा धोका वेगळा आहे : लागोपाठ दोन तिमाह्यांचं रिटर्न चुकलं तर अधिकारी स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो, आणि तुमचा खंड नेमका दोन तिमाह्यांचाच आहे.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेआड होते. परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरची मासिक वर्गणी व्यवसायाच्या कार्डवरून कापली जात असेल, तर त्यावर रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हाला भरावा लागतो आणि रिटर्न नील राहत नाही. थांबण्याआधी अशा सगळ्या वर्गण्या बंद करा. शिवाय एलयूटी (कर न भरता परदेशी बिल करण्याचं हमीपत्र) 31 मार्चला संपतं. नव्या वर्षाचं पहिलं बिल पाठवण्याआधी पोर्टलवर त्याचा फॉर्म आरएफडी-11 पुन्हा भरा.

प्रश्न : मीही मशिन ऑटोमेशनमध्येच आहे. चार महिने थांबायचं आहे, पण जुना क्लायंट सुटेल ही भीती वाटते.
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : क्लायंट सुटतो तो बहुधा मागे काम अर्धवट राहिल्यामुळे. रात्री दोनला लाइन बंद पडली, तुमचा फोन लागला नाही, आणि लॅपटॉपवरचा बॅकअप मशिनमधल्या प्रोग्रॅमशी जुळला नाही, तर पुढच्या वेळी ते दुसऱ्याला बोलावतात. असं होतं कारण कमिशनिंगमध्ये टायमर, सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा), एखादं इंटरलॉक (अट पुरी झाल्याशिवाय मशिन चालू न देणारी सोय) मशिनसमोर उभं राहून बदललं जातं आणि लॅपटॉपवरची फाइल जुनीच राहते.

म्हणून निघायच्या आठवड्यात पीएलसीतला प्रोग्रॅम लॅपटॉपवर ताजा अपलोड करून घ्या, आधीच्या प्रतीशी कंपेअर करा, फरक असेल त्या ठिकाणी शेरा लिहा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. एचएमआयमधल्या (मशिनच्या पडद्यावरच्या) रेसिपी, म्हणजे साठवलेल्या सेटिंग, वेगळ्या काढाव्या लागतात, त्या प्रोग्रॅमबरोबर येत नाहीत. दोन पेनड्राइव्ह करा, एक पॅनेलच्या दाराच्या कप्प्यात आणि एक मेंटेनन्सच्या साहेबांकडे. साइटवर बदललेली वायर ड्रॉइंगवर लाल पेनाने दाखवा. पासवर्ड पाकिटात बंद करून सही घेऊन द्या. पीएलसी जुन्या बनावटीचा असेल तर मेमरीची बॅटरी बदलून तिच्यावर तारीख लिहा. वीज गेलेली असताना बॅटरी उतरली तर अख्खा प्रोग्रॅम पुसला जातो.

साठ दिवस आधी क्लायंटला लेखी कळवा आणि त्याच पत्रात बदली माणसाचं नाव द्या. त्याचा दिवसाचा रेट आधी ठरवा आणि बिल त्यालाच थेट लावू द्या. मध्ये तुमचं कमिशन ठेवलंत तर चुकीची जबाबदारीही तुमच्याकडेच राहते. जाण्याआधी त्याला एकदा साइटवर नेऊन आणा, गेटपास त्याच्या नावाचा काढा, आणि पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम त्याच्याच लॅपटॉपवर उघडून पाहा. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असली तर फाइल उघडतच नाही.