साडेतीन मोठं की सव्वातीन?

प्रिय पोरी,
आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाचवीची अर्धी पोरं ०.४ पेक्षा ०.३६ मोठं म्हणतात, तीनदा समजावून सांगितलं तरी तेच, असं लिहिलंयस. त्यांच्यावर रागावू नकोस. जितके आकडे जास्त तितकी संख्या मोठी, हे चार वर्षं आपणच घोकून घेतलंय. पोरं शिकवलेलंच वापरताहेत.

आधी तुझं बोलणं बदल. फळ्यासमोर तू 'झिरो पॉइंट छत्तीस' म्हणत असशील, सगळेच म्हणतात. पण त्या 'छत्तीस'मध्येच चूक रुजते. 'तीन दशांश, सहा शतांश' असं म्हण, आणि दुसऱ्याला 'चार दशांश'. जिभेला जड जाईल, तरी महिनाभर सोडू नकोस.

तुझ्या खानापूरकडच्या पोरांना एक गोष्ट घरातूनच येते. डेअरीला दूध घालणाऱ्या घरातली कितीतरी असतील. त्यांना ३.२५ आणि ३.५ लिहून दाखव, बरीचजणं ३.२५ वर बोट ठेवतील. मग विचार, 'एकानं सव्वातीन लिटर दूध घातलं, दुसऱ्यानं साडेतीन. जास्त कुणाचं?' इथं एकही चुकणार नाही. ज्यांच्या घरात कानडी आहे त्यांना अर्धा आणि मुक्कालू (म्हणजे पाऊण) विचार, तेही लगेच सांगतील. मग ३.२५ खाली 'सव्वातीन' आणि ३.५ खाली 'साडेतीन' लिही आणि थांब. आपलीच दोन उत्तरं समोरासमोर आली की पोर गप्प होतं. ती शांतता तू मोडू नकोस. आपण बाया नेमक्या तेव्हाच बोलतो!

पैशांचं उदाहरण मात्र सुरुवातीला नको. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, तुझ्या पोरांनी ती हातात धरलेलीच नाहीत. शिवाय रुपये वेगळे आणि पैसे वेगळे असं डोक्यात बसतं, मग ५.५ म्हणजे पाच रुपये पाच पैसे होतात.

सव्वा, साडे, पाऊण एवढ्यावर सगळं भागत नाही, ०.३६ ला घरगुती नाव नाही. तिथं चौकोन लागतो. ग्राफ पेपरवर १० सेंमी बाय १० सेंमीचे चौकोन कापून घे. अख्खा चौकोन म्हणजे एक, उभी पट्टी म्हणजे एक दशांश, एक सेंमीचं लहान घर म्हणजे एक शतांश. प्रत्येकाच्या हातात स्वतःचे दोन चौकोन हवेत. भिंतीवरच्या तक्त्यानं काही होत नाही. फळ्यावर खडूनं काढायचा मोहही टाळ, हातानं काढलेले दोन चौकोन सारखे येत नाहीत आणि वेगळ्या मापाच्या चौकोनांची तुलनाच खोटी.

माझ्या वर्गात एका मुलीनं ०.४ साठी चार घरं रंगवली आणि ०.३६ साठी छत्तीस. खोडरबर उचलायला माझा हात पुढं गेला होता, तो मी मागं घेतला. तिला म्हटलं, 'अख्ख्याचे दहा सारखे भाग कर बघू.' तिनं पट्ट्या मोजल्या, एका पट्टीतली घरं मोजली, आपल्या चार घरांकडं बघत राहिली. 'बाई, हे तर शून्य पॉइंट शून्य चार झालं की.' तिनं काही खोडलं नाही. त्या चौकोनाखाली ०.०४ लिहिलं आणि नवा चौकोन मागितला.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी थेट युक्ती द्यायची, 'शून्य लावून आकडे सारखे करा आणि मोठं ओळखा.' चाचणीत सगळ्यांचं बरोबर आलं, मी खूश. पुढच्या आठवड्यात वर्गात उंच्या मोजल्या. एक पोरगा १.४ मीटर, दुसरा १.३८. दोघं शेजारी शेजारी उभे होते, आणि तरी वर्ग ओरडला, १.३८ उंच! कुणालाही त्या दोघांकडे बघावंसं वाटलं नाही. तो दिवस मला अजून लागतो. शून्य लावणं चूक नाही, पण ते पोरांकडून आलं पाहिजे. चार पट्ट्यांत चाळीस घरं मोजली की ०.४ आणि ०.४० एकच, हे ती स्वतःच सांगतात.

चौकोनानंतर एक मीटर सुतळी बांध. एका टोकाला ०, दुसऱ्याला १. कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी लावायला दे आणि शेवटी टेप धरून तपास: ०.४ बरोबर ४० सेंमीवर, ०.३६ त्याच्या अलीकडं.

जोड्या निवडताना काळजी घे. ०.५२ आणि ०.३७ दिलंस तर चुकीच्या समजुतीचं पोरही बरोबर सांगेल आणि तू फसशील. ०.६ आणि ०.५८ दे, ०.०५ आणि ०.५ दे, ०.३ आणि ०.३० दे. काहीजण उलट्या बाजूला चुकतात: शतांश लहान असतात म्हणून ०.४२ पेक्षा ०.३ मोठं. म्हणून ०.४२ आणि ०.३ ही जोडीही ठेव. दर वेळी 'कशावरून?' विचार, उत्तर बरोबर असलं तरी.

ग्राफ पेपर तिकडं मिळाला नाही तर धावपळ करू नकोस. माझ्याकडं कापलेल्या चौकोनांचे दोन गठ्ठे आहेत, कडा थोड्या मऊ पडल्यात एवढंच. रविवारी बेळगावला आलीस तर घेऊन जा. आणि येताना पोरांचे रंगवलेले चौकोन आण, चुकलेले आधी.

तुझी,
बाई