सूत संपलं तर ‘रन आउट’ लिहायचं की ‘रन आउट ऑफ’?

ताई, तुमचा प्रश्न असा की टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही बाहेरदेशच्या पार्ट्यांना मेल लिहिता, त्यात ‘द यार्न इज रन आउट’ लिहिलं तर साहेबांनी खोडून ‘वी हॅव रन आउट ऑफ यार्न’ केलं, आणि तुमचं म्हणणं, संपलंय सूत, आपण कुठं संपलोय, मग वाक्यात ‘वी’ कशाला? बरोबर जागी अडलाय तुम्ही, सगळी गोम तिथंच आहे. साहेबांचं वाक्य बरोबर, तुमच्यातला ‘इज’ तेवढा चुकला.

मराठीत संपते ती वस्तू. साखर संपली, गॅस संपला, सूत संपलं. ज्याचं संपलं तो माणूस ‘आमच्याकडचं’ म्हणून बाजूला असतो किंवा वाक्यात नसतोच. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत चक्केरा अयिपोयिंदि म्हणतील, अक्कलकोटकडं कन्नडमध्ये सक्करे खाली आयितु, तिथंही संपणारी साखरच. त्यामुळं सोलापूरकराच्या तोंडी इंग्रजीत पहिलं ‘शुगर इज फिनिश्ड’च येणार, यात कुणाचा दोष नाही.

इंग्रजीत मात्र ‘रन आउट’ला दोन वाटा आहेत. वस्तू कर्ता असेल तर ‘ऑफ’ नको: ‘द यार्न हॅज रन आउट’, ‘द गॅस रॅन आउट’. माणूस कर्ता असेल आणि काय संपलं तेही सांगायचं असेल तर ‘ऑफ’ लावल्याशिवाय चालत नाही: ‘वी हॅव रन आउट ऑफ यार्न’. इथं ‘ऑफ’ गाळून ‘वी हॅव रन आउट’ एवढंच लिहिलं तर चालतं, पण काय संपलं ते आधी बोलणं झालेलं असेल तरच. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस बहुतेक वेळा स्वतःलाच कर्ता करतो. मोहोळच्या अलीकडं गाडी बंद पडली तर ‘वी रॅन आउट ऑफ पेट्रोल’.

मग ‘इज रन आउट’ आलं कुठून? मला वाटतं दोन ठिकाणांहून. एक ‘सोल्ड आउट’, ते ‘आर सोल्ड आउट’ असं बरोबर आहे कारण माल कुणीतरी विकलेला असतो. दुसरं क्रिकेट. पार्क मैदानावर खेळलेल्या प्रत्येकाला रनआउट माहीत असतं, आणि तिथं ‘ही वॉज रन आउट’ हेच बरोबर, कारण तिथं फिल्डर बॅट्समनला रनआउट करतो, करणारा वेगळा आणि होणारा वेगळा (क्रिकेटच्या नियमांत हा नियम 38). सुताला कुणी रनआउट करत नाही हो, ते आपसूक संपतं. शाळेत फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ‘रन आउट’सारख्या जोडून येणाऱ्या क्रियापदांची, यादी पाठ करून घेतात, ‘रन आउट म्हणजे संपणे’, बास, पण कर्ता कोण हे शिकवत नाहीत, आणि ती यादी अशी नुसती पाठ करण्याचा काहीच उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, रन-रॅन-रन. ‘हॅव’नंतर ‘रन’च येतं. ‘वी हॅव रॅन आउट’ भल्याभल्यांच्या मेलमध्ये दिसतं, ते चूक.

संपलेलं नाही पण संपत आलंय, त्याला आपण सोलापुरात कसं म्हणतो बघा, ‘टाकीतलं पाणी संपायलंय, नळ कधी येतोय काय की.’ हे ‘संपायलंय’ म्हणजे तंतोतंत ‘वी आर रनिंग आउट ऑफ वॉटर’. थोडं शिल्लक आहे, अजून घाई नाही, तर ‘वी आर रनिंग लो ऑन वॉटर’. आणि ‘वी आर आउट ऑफ वॉटर’ म्हणजे टाकी कोरडी, विषय संपला.

लायसन्स, पासपोर्ट, विमा यांची मुदत संपते तेव्हाही ‘रन आउट’ चालतं, पण तिथं कर्ता कागदच: ‘माय लायसन्स रॅन आउट’. ‘आय रॅन आउट ऑफ लायसन्स’ कुणी म्हणत नाही. ‘शी रॅन आउट ऑफ द शॉप’ म्हणजे ती दुकानातून पळत बाहेर आली, दुकान संपलं नाही, हा अर्थ पुढच्या शब्दावरून कळतो. आणि ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ तर अजिबात नको, ‘रन आउट ऑन’ म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडून निघून जाणं, मेलमध्ये चुकून पडलं तर पार्टी गोंधळेल.

वेळ आणि धीर यांनाही हेच लागू. ‘टाइम इज रनिंग आउट’ किंवा ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’, दोन्ही बरोबर.

आता तुमचा मेल. ‘द यार्न हॅज रन आउट’ व्याकरणानं चुकीचं नाही, पण धंद्याच्या मेलमध्ये मी साहेबांचंच वाक्य ठेवेन, त्यात जबाबदारी आपण घेतोय हे दिसतं. नेमकं कुठलं सूत तेही घाला: ‘वी हॅव रन आउट ऑफ व्हाइट यार्न’. आणि लगेच पुढच्या ओळीत नवीन सूत कुठल्या तारखेला येतंय ते लिहा, पार्टीचा पुढचा प्रश्न तोच असणार.