बियाण्याचं कणीस कुठलं घ्यावं?

प्रश्न : घरचा पांढरा गावरान मका दर पावसाळ्यात पेरतो. बियाण्यासाठी सर्वांत मोठी कणसं टांगून ठेवतो. तरी दाट पेरला किंवा युरिया कमी पडला की कितीतरी ताटं वांझ निघतात. निवड कुठे चुकते? (एक वाचक, धडगाव)

उत्तर : मोठं कणीस बहुधा बांधालगतच्या, तूट पडलेल्या ओळीतल्या किंवा उकिरड्याच्या जागेवरच्या ताटाचं असतं. त्याला मोकळीक आणि खत मिळालं, आणि ते काही बियात उतरत नाही. अमेरिकेत आयोवामध्ये डॉनल्ड डुविक यांनी १९३०च्या दशकापासूनचे संकरित वाण शेजारी शेजारी लावून पाहिले. विरळ लावणीत जुन्या-नव्या ताटांत फारसा फरक नव्हता. नवे वाण पुढे गेले ते दाटीतही कणीस भरतात म्हणून.

तेव्हा निवड दाटीतच आणि नत्राच्या उपासमारीतच करा, म्हणजे तुमच्या दोन्ही अडचणींत टिकणारं ताट कळेल. पाच गुंठे पुरतात, दुसऱ्या मक्यापासून किमान ३०० मीटर लांब. आदल्या हंगामात तिथे बिनखताची ज्वारी घेऊन कडबा बाहेर काढा. सोयाबीन-हरभऱ्याचा बेवड (आधीचं पीक) नको, तो जमिनीत नत्र ठेवतो. मक्याला युरिया देऊ नका. स्फुरद-पालाश मात्र द्या, नाहीतर ताट कशाने खुरटलं ते कळणार नाही. शेजारी थोडा मका पूर्ण खतावर ठेवा. बिनखताचं उत्पन्न त्याच्या पाव ते एक तृतीयांश आलं तर ताण योग्य. त्याहून घसरलं तर पुढच्या वर्षी थोडा युरिया द्या.

अंतर ६० बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे गुंठ्याला सुमारे ११०० ताटं. दोन-दोन दाणे टोका, पंधरा दिवसांनी एकच रोप ठेवा.

खरं काम फुलोऱ्यात आहे. उपासमारीत ताट आधी तुरा पोसतं, कणीस मागे पडतं. पराग साधारण आठवडाभरात संपतो आणि कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. मग दाणा भरणार कसा? म्हणून रोज सकाळी फिरा. पराग सुटल्यापासून दोन दिवसांत ज्याचे केस दिसले, त्या ताटाला चिंधी बांधा. रोगट, मरतुकड्या ताटांचे तुरे पराग सांडण्याआधीच उपटा, कारण बियात अर्धा वाटा बापाचा असतो.

काढणीआधी ५ बाय ५ मीटरचे वीस चौकोन पाडा. प्रत्येकातून चिंधीची दहा ताटं घ्या : शेजारची जागा रिकामी नसलेली, न लोळलेली, खालची पानं उशिरापर्यंत हिरवी राहिलेली, कणीस टोकापर्यंत भरलेली. हलक्या जमिनीच्या चौकोनातूनही दहाच. तिथली कणसं लहान दिसतात म्हणून हात आखडतो, पण मोल त्यांचंच जास्त आहे. दोनशे कणसांचे मधले ६०-६० दाणे मिसळा. दहा-वीस कणसांवर भागवलं तर काही वर्षांत नात्यातल्या नात्यात संकर होऊन मका खुजा होतो.

जुनं बी थोडं राखून ठेवा. तीन फेऱ्यांनंतर जुनं-नवं चार ठिकाणी शेजारी लावून तोला.

प्रश्न : दुकानातल्या संकरित मक्याचं बी असंच राखता येईल का?

उत्तर : नाही. पुढच्या पिढीत ताटं उंच-बुटकी निघतात आणि उत्पन्न घटतं.