चंद्रभागेतली जखम, विहिरीचं पाणी आणि धनुर्वातानंतरचा व्यायाम

प्रश्न : आषाढीला चंद्रभागेत उतरताना आईच्या तळपायात काच घुसली. वय ६०, मधुमेह आहे. घरचे म्हणतात, गंजका खिळा नव्हता, मग इंजेक्शन कशाला? (मोहोळ)

उत्तर : गंजाचा इथे संबंधच नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात वर्षानुवर्षं टिकून राहतात. काच असो वा बाभळीचा काटा, ते आत शिरले की झालं. जखम साबणाने, नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवा. हळद, चुना, राख काहीही भरू नका. मळलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील, तर टीडी (धनुर्वात आणि घटसर्पावरची) लस हवीच. आईंनी आधी पूर्ण कोर्स घेतला नसेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (धनुर्वाताविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि पाऊल रोज उजेडात बघा. मधुमेहात दुखणं जाणवत नाही. लाली, सूज, पू दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

प्रश्न : आमची विहीर भीमेच्या काठावर आहे. तुरटी फिरवून पाणी पितो. सुनेला सातवा महिना आहे. चालेल ना? (माढा तालुका)

उत्तर : नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येतं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. तिचं पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. उकळल्याने रसायनं मात्र जात नाहीत, म्हणून पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीकडे मागा. मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : वडील यंत्रमागावर काम करतात. धनुर्वात झाला, तीन आठवडे आयसीयूत होते. आता घरी आहेत, पण पाय ताठ, पाठ दुखते. चुलते रोज तेल लावून जोरात रगडतात. (सोलापूर)

उत्तर : रगडणं आजच थांबवा. या आजारातलं विष मज्जातंतूंच्या टोकांना घट्ट चिकटतं आणि नवी टोकं फुटेपर्यंत ताठरपणा ओसरत नाही. त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. आजार भरात असताना नुसता स्पर्श, आवाज, उजेड यांनीही झटके येतात, म्हणून तेव्हा फिजिओथेरपिस्टचं काम छाती मोकळी ठेवणं आणि कूस नीट बदलणं एवढंच असतं. झटके थांबले की खरी मेहनत सुरू होते.

आधी पाठीचा एक्स-रे काढा. जोरदार झटक्यांत मणके दबून मोडतात, आणि तशा पाठीला वाकवणं घातक. मग सांधे हळुवार हलवायचे, पोटऱ्या ताणायच्या. घोटा खाली वाकून आखडला तर टाच टेकत नाही, आणि मागावर दिवसभर उभं राहायचंय त्यांना. ताण सावकाश द्या, झटका देऊन नको. दीर्घ श्वासाचे व्यायाम रोज हवेत. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसवा, कारण रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. गिळताना ठसका लागत असेल, जबडा पुन्हा आवळला किंवा झटका आला, तर व्यायाम सोडून रुग्णालयात न्या.

कामावर परतायची तारीख चुलत्यांनी ठरवू नये. आधी घरात, मग जिना, मग अर्धी पाळी. आणखी एक, जे फार जणांच्या लक्षात येत नाही: धनुर्वात होऊन गेला तरी शरीराला त्यापासून संरक्षण मिळत नाही. वडिलांच्या लशीचा पहिला डोस झालाय का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा; दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी, तिसरा पुढे सहा ते बारा महिन्यांनी.